टेस्ट पास झाली, पण उत्तर कोणाचं?

एआय वापरून टेस्ट कशा लिहाव्यात यावर सध्या जे मार्गदर्शन मिळतं, त्यातलं बरंचसं एका ओळीत मावतं: फंक्शन पेस्ट करा, ‘याच्या युनिट टेस्ट लिही’ म्हणा, चालवून बघा, हिरवं दिसलं की कमिट करा. मग कव्हरेज किती वर गेलं याचा स्क्रीनशॉट. हे सगळं खरंच होतं, आणि दोन मिनिटांत होतं. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की या मार्गदर्शनात एक साधा प्रश्न विचारलेलाच नसतो: टेस्टमध्ये ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून जे लिहिलंय, ते आलं कुठून?

छोटं उदाहरण घेऊ. एका घरात तिघं राहतात, गणपतीचा खर्च १०० पौंड झाला आणि तो समान वाटायचाय. फंक्शन भागाकार करतं, दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करतं आणि तीन आकडे परत देतं. ते एआयला दाखवून टेस्ट मागितली, तर बऱ्याचदा मिळणारी टेस्ट म्हणते: उत्तर ३३.३३, ३३.३३, ३३.३३ यायला हवं. तसं ते येतंच. टेस्ट पास, प्रत्येक ओळ कव्हर. फक्त बेरीज ९९.९९ होते, आणि एक पेनी कुठे गेली हे कोणी विचारत नाही. (वर्गणीचा हिशोब ठेवणाऱ्या कुठल्याही काकूंनी पहिल्यांदा तेच विचारलं असतं.) काही मॉडेल्स कधीकधी हा घोळ पकडतात, नाही असं नाही. पण कोड वाचून, कोड जे करतो तेच ‘बरोबर’ म्हणून लिहून देणं ही परीक्षा नव्हे. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून आदर्श उत्तरपत्रिका तयार करून मग पैकीच्या पैकी मार्क द्यायचे, असला तो प्रकार आहे.

टेस्टिंगच्या शास्त्रात याला ओरॅकलचा प्रश्न म्हणतात. मराठीत मला त्याला ‘कौल’ म्हणावंसं वाटतं. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा विचारणारा वेगळा आणि कौल देणारा वेगळा असतो. पाकळी उजवीकडे पडावी म्हणून विचारणाऱ्यानेच हळूच फुंकर मारली, तर त्याला कौल कोण म्हणेल? इलेन वेयुकर यांनी १९८२ साली ‘द कम्प्युटर जर्नल’ या ब्रिटिश नियतकालिकात याच अडचणीवर निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की काही प्रोग्राम उत्तर शोधण्यासाठीच लिहिलेले असतात. बरोबर उत्तर आधीच माहीत असतं तर तो प्रोग्राम लिहायची गरजच पडली नसती. आपल्यापैकी जे सिम्युलेशन करतात, त्यांचा कोड नेमका याच जातीचा.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं कोविड मॉडेल आठवा. १६ मार्च २०२० च्या अहवालामागचा कोड एप्रिलअखेर, बराच साफसूफ करून, सार्वजनिक झाला आणि त्यावर तुटून पडलेल्यांचा मुख्य आक्षेप होता: टेस्ट कुठे आहेत, आणि तोच सीड देऊन उत्तर दर वेळी तेच का येत नाही? पुढे जूनमध्ये केंब्रिजच्या स्टीव्हन एग्लेन यांनी तो चालवून अहवालातले निष्कर्ष पुन्हा मिळतात हे तपासून दाखवलं. ते काम मोलाचंच होतं. पण ‘पुन्हा तेच उत्तर येतं’ आणि ‘उत्तर बरोबर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वादात दोन्ही बाजूंनी त्यांची सरमिसळ केली, असं माझं मत आहे.

एआयने लिहिलेल्या टेस्टबाबत आता तीच सरमिसळ होतेय. या विषयावरचं गंभीर काम म्हणजे मेटाचा २०२४ चा टेस्टजेन-एलएलएम हा पेपर. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे मार्क हार्मन त्याच्या लेखकांपैकी एक. इन्स्टाग्रामच्या रील्स आणि स्टोरीजवर त्यांनी हे टूल वापरून बघितलं: ७५ टक्के टेस्ट बिल्ड झाल्या, ५७ टक्के भरवशाने पास झाल्या आणि २५ टक्क्यांनी कव्हरेज वाढवलं. प्रामाणिक आकडे आहेत. पण चाळणी कशी लावली ते बघा. जी टेस्ट पास होत नाही, ती थेट फेकून दिली जाते. कारण नापास होण्यामागे टेस्टची चूक आहे की कोडची, हे यंत्राला ठरवता येत नाही. लेखक हे लपवत नाहीत. आज चालतंय ते उद्या बिघडू नये एवढाच त्यांचा हेतू आहे, आणि त्यासाठी ही चाळणी ठीक आहे. अडचण पुढे येते. हीच पद्धत ‘एआय तुमचे बग शोधतं’ अशा शीर्षकाखाली लेखांत आणि व्हिडिओंत शिकवली जाते. आजचा बग जिथे सापडला असता, ती टेस्ट तर कचऱ्यात गेली. उरलेल्या हिरव्या टेस्ट त्या बगला कायमचं राहण्याचं लायसन्स देतात. उद्या कोणी तो दुरुस्त करायला गेलं, तर लाल होईल ती दुरुस्ती!

हे फार तात्त्विक वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसकडे बघा. फुजित्सूच्या होरायझन या हिशोबाच्या सिस्टिमवर विसंबून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक सब-पोस्टमास्तरांना दोषी ठरवण्यात आलं. सरेमधल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिस्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. सिस्टिममधल्या बग्सची जी यादी न्यायमूर्ती फ्रेझर यांच्या २०१९ च्या निकालात आहे, त्यातला एक बग स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन गावाच्या नावाने ओळखला जातो. तिथे २०१५ मध्ये रोख रकमेची एक बॅग सिस्टिममध्ये नोंदवताना स्क्रीन पुढे सरकेना, म्हणून पुन्हा एंटर दाबलं गेलं. ८,००० पौंडांची एकच बॅग चार वेळा जमा झाली आणि कागदोपत्री २४,००० पौंडांची तूट दिसू लागली.

(मिस्रा यांच्यावरचं बालंट याच बगमुळे आलं, असं मी म्हणत नाही.)

आता कल्पना करा की तो कोड आजच्या एखाद्या एआय एजंटला दिला आणि टेस्ट मागितल्या. नोंद करणाऱ्या सगळ्या ओळी एकदा एंटर दाबूनच चालून जातात, म्हणजे कव्हरेज १०० टक्के. ‘दोनदा एंटर दाबलं तर?’ हे त्याला सुचलंच, तरी कोडकडे बघून तो लिहील: दोन नोंदी व्हायला हव्यात. बॅग एकच आहे, तिचा बारकोड एकच आहे, म्हणून पैसे एकदाच वाढले पाहिजेत, हे ज्ञान कोडमध्ये नाहीच. ते पोस्टाच्या काउंटरवर आहे.

म्हणून मार्गदर्शन करायचंच तर सुरुवात उलटी करावी. कोड दाखवण्याआधी, नवीन चॅटमध्ये, फक्त नियम सांगा: ‘रक्कम आणि माणसांची संख्या दिल्यावर वाटे मिळतात. वाट्यांची बेरीज नेहमी मूळ रकमेइतकी असते. कोणत्याही दोन वाट्यांत एका पेनीपेक्षा जास्त फरक नसतो. या नियमांच्या टेस्ट लिही, आणि नियमांत काही सुटलं असेल तर मला विचार.’ शेवटचं वाक्य गाळू नका. एआयचा मला सर्वात जास्त उपयोग तिथेच होतो. शून्य माणसं असतील तर? रक्कम ऋण असेल तर? असले प्रश्न ते न कंटाळता काढतं. पायथॉनवाल्यांसाठी हायपोथिसिस ही लायब्ररी आहेच: नियम एकदा लिहिला की ती शेकडो इनपुट तयार करून तो मोडायचा प्रयत्न करते. ज्यांच्या मॉडेलचं बरोबर उत्तर कोणालाच माहीत नाही, त्यांनाही नियम सापडतात. संसर्गाचा दर शून्य केला तर सुरुवातीच्या रुग्णांपलीकडे कोणी आजारी पडता कामा नये, एवढं तरी सांगता येतं.

टेस्टचीच परीक्षा घ्यायची तर कोडमध्ये मुद्दाम चूक पेरा, अधिकच्या जागी उणे करा, आणि एखादी तरी टेस्ट लाल होते का बघा. ही म्युटेशन टेस्टिंगची कल्पना १९७० च्या दशकातली आहे, पायथॉनमध्ये म्युटमट हे टूल ते करतं. हार्मन आणि सहकाऱ्यांच्या २०२५ च्या पेपरमध्ये एआय आधी प्रायव्हसीला धोका होईल अशा चुका पेरतं आणि मग त्या पकडणाऱ्या टेस्ट लिहितं. आधीच्या पेपरपेक्षा मला ही दिशा जास्त पटते, कारण इथे निदान काय बिघडू नये हे माणसाने आधी सांगितलेलं असतं.

एजंटला कोड दुरुस्त करायला सांगताना टेस्टच्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी देऊ नका, नाहीतर टेस्ट सैल करून हिरवा रंग आणण्याची पळवाट त्याला मोकळी राहते. आणि नापास झालेल्या टेस्ट फेकू नका. त्या वेगळ्या ठेवा आणि ज्याने तो कोड लिहिलेला नाही अशा कोणाला तरी आठवड्यातून एकदा वाचायला द्या. त्यातल्या बऱ्याच टेस्टच चुकीच्या निघतील, वाचणारा वैतागेल. लॅबमध्ये त्या तासाचं श्रेय कुठल्याही पेपरवर मिळत नाही, त्यामुळे हे काम ग्रुपच्या मीटिंगच्या वेळातच बसवावं लागेल.