विषम जोडीचा प्रश्न : भिन्न उत्पादकांची ग्राफिक्स कार्डे व कार्यविभागणीचे तत्त्व

एका संगणकात दोन भिन्न उत्पादकांची ग्राफिक्स कार्डे बसवून त्यांजकडून एकच काम करवून घ्यावे, ही कल्पना वरवर पाहता सरळ आहे. तिच्या अपयशाची मीमांसा मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते : दोन कुळांची यंत्रे एकत्र नांदत नाहीत. हे वाक्य तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण त्यात तांत्रिक अडचण, विभागणीतील दोष आणि उत्पादकाची अनिच्छा या तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे.

केवळ एकत्र नांदण्याचा प्रश्न केव्हाच सुटला. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या नव्या चित्रप्रणालीत एका वेळी एकाच उत्पादकाचा ड्रायव्हर चालू शकत असे. २००९ च्या विंडोज ७ ने हे बंधन काढून टाकले. तेव्हापासून एनव्हिडिया व एएमडी यांची कार्डे एका मदरबोर्डावर आपापल्या ड्रायव्हरसह राहू शकतात. तेव्हा अडचण सहवासात नसून सहकार्यात आहे.

सहकार्याची रूढ रीत पाळीपाळीची होती. विषम क्रमांकाची फ्रेम एका कार्डाने काढावी, सम क्रमांकाची दुसऱ्याने. समबल कार्डांना ही रीत मानवते. परंतु एका कार्डाला एका फ्रेमीस १० मिलिसेकंद व दुसऱ्यास २० मिलिसेकंद लागत असतील, तर काटेकोर पाळीने दर २० मिलिसेकंदांत दोन फ्रेमी, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेमी मिळतील. वेगवान कार्ड एकटेच तितक्या काढते. दुसऱ्यास २५ मिलिसेकंद लागले, तर जोडीची गती ८० वर येऊन ती एकट्यापेक्षाही मंद ठरेल. येथे दोष उत्पादकभेदाचा नसून बलभेदाचा आहे. एकाच उत्पादकाची दोन असमान कार्डे घेतली तरी गणित तेच राहते. शिवाय अलीकडील चित्रणपद्धती मागील फ्रेमीतील माहितीवर अवलंबून असतात. त्यामुळे पाळीची मूळ सोयच नाहीशी होते.

ही वाटणी कोणी करावी, या प्रश्नाला आजवर दोन लक्षणीय उत्तरे मिळाली. पहिले उत्तर ल्युसिड या इस्रायली कंपनीच्या हायड्रा चिपचे. २००८ साली घोषित झालेली ही चिप २०१० च्या आरंभी एमएसआयच्या बिग बँग फ्युजन या मदरबोर्डावर विक्रीस आली. खेळाने दिलेल्या चित्रणाच्या आज्ञा मध्येच अडवून त्या दोन कार्डांत वाटाव्यात, असा तिचा बेत होता. तथापि मध्यस्थाला आज्ञा दिसतात, त्यांमागील हेतू दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक खेळाचा स्वभाव त्यास स्वतंत्रपणे शिकवावा लागे आणि नवा खेळ आला की तोच उद्योग नव्याने करावा लागे.

दुसरे उत्तर २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ ने दिले. वाटणीचा अधिकार खुद्द खेळ रचणाऱ्याकडे सोपविण्यात आला. 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या खेळाच्या विकासावस्थेतील आवृत्तीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये झालेल्या चाचण्यांत एएमडी व एनव्हिडिया यांच्या मिश्र जोडीने एकट्या कार्डापेक्षा स्पष्टपणे अधिक गती दाखविली. 'अशक्य' हे विशेषण तेथेच निकालात निघाले. असे असता ही रीत रुजली नाही. कारण अधिकाराबरोबर श्रमही खेळ रचणाऱ्याच्या माथी आले आणि त्या श्रमांचा लाभ मिळणारे ग्राहक थोडे होते. जे तंत्राला साधले, ते व्यवहाराला परवडले नाही.

तिसरी गोष्ट अनिच्छेची. फिजएक्स हे भौतिक क्रियांचे गणित करणारे तंत्र एनव्हिडियाने २००८ साली एजिया कंपनीसह विकत घेतले. २००९ मध्ये चित्रण दुसऱ्या उत्पादकाच्या कार्डावर होत असेल, तर एनव्हिडियाच्या कार्डावरील ही सोय ड्रायव्हरमधूनच बंद करण्यात आली. गुणवत्तेची हमी व विकासखर्च यांबरोबर व्यावसायिक कारणेही उत्पादकाने सांगितली. पराया कार्डाच्या वर्तनाची हमी देणे कोणासही जड जाईल, हे मान्य करावे लागते. परंतु हमी न देणे वेगळे आणि मूल्य देऊन घेतलेले सामर्थ्य काढून घेणे वेगळे. काही वापरकर्त्यांनी ड्रायव्हरमध्ये फेरफार करून हे बंधन ओलांडले. यावरून अडथळा यंत्रात नव्हता, एवढे तरी निश्चित होते.

विशेष असे की, या वादात सापडलेली विभागणीच तत्त्वतः अधिक सयुक्तिक होती. तीत एकाच कामाचे दोन वाटे नव्हते. दोन कामे होती. आज 'लॉसलेस स्केलिंग' या प्रणालीत एक कार्ड मूळ फ्रेमी काढते व दुसरे त्यांमधील कल्पित फ्रेमी भरते. येथे उत्पादकभेद आड येत नाही. कारण देवघेव केवळ तयार फ्रेमींची असते. ३८४० × २१६० बिंदूंची फ्रेम, दर बिंदूस चार बाइट धरल्यास, सुमारे ३३ मेगाबाइट भरते. सेकंदाला ६० फ्रेमी म्हणजे जवळजवळ २ गिगाबाइट. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा सोळापदरी मार्ग एका दिशेने सुमारे १६ गिगाबाइट वाहतो. अपुऱ्या फ्रेमीचे काम मात्र तिच्या पोटातील माहितीसह वारंवार देवघेव करू लागले, तर हाच मार्ग तोकडा पडेल; जीटीएक्स ९८० टीआय या कार्डाचा स्वतःच्या स्मृतीशी व्यवहारच सेकंदाला सुमारे ३३६ गिगाबाइटांचा आहे. लामा.सीपीपी या प्रणालीत भाषाप्रतिमानाचे थर व्हल्कनच्या द्वारे भिन्न उत्पादकांच्या कार्डांत वाटता येतात, त्याचेही रहस्य हेच : थराथरांमधून पुढे जाणारी माहिती थोडी असते.

यावर आक्षेप घेता येईल की, कल्पित फ्रेमींनी खेळाचा प्रतिसाद त्वरित होत नाही, उलट किंचित विलंब वाढतो. आणि थर वाटल्याने स्मृतीची सोय होते, गती दुप्पट होत नाही. हा आक्षेप यथार्थ आहे. कार्यभेदावर उभी राहिलेली जोडी समबल जोडीची जागा घेऊ शकत नाही. पण तिच्याकडून ती अपेक्षा करणे हीच मूळची चूक होय. विषम जोडीचे मूल्यमापन करताना प्रथम पाहावयाचे ते कार्डांवरील नाव नव्हे, तर काम कोठे तोडले आहे आणि त्या सांध्यावरून किती माहिती पलीकडे न्यावी लागते ते. सांधा नीट निवडला असूनही जोडी चालत नसेल, तर कारण यंत्राबाहेर शोधावे लागेल. आणि त्यास तांत्रिक अशक्यतेचे नाव देण्याचा मोह अभ्यासकाने टाळला पाहिजे.