व्यक्तिमत्त्वमापन आणि भाषा : सप्रमाणतेचा एक प्रश्न

व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष मोजणाऱ्या साधनांपैकी अधिक सप्रमाण कोणते, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही साधने कशी घडली ते पाहणे अगत्याचे आहे. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून १७,९५३ शब्द वेचले. त्या संग्रहाची छाननी करून कॅटेलने घटक-विश्लेषणाच्या आधारे आपली सोळा घटकांची प्रश्नावली १९४९ साली सिद्ध केली. हॅथवे व मॅकिन्ली यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या मिनेसोटा शोधिकेचा मार्ग निराळा. मनोरुग्ण आणि निरोगी व्यक्ती ज्या विधानाला भिन्न उत्तरे देतात ते विधान ग्राह्य, मग त्याचा वाच्यार्थ काहीही असो.

म्हणजे पहिल्या साधनाची भिस्त शब्दार्थावर, तर दुसऱ्याची बाह्य निकषावर आहे. कॅम्पबेल व फिस्क यांनी १९५९ साली मांडलेली कसोटी येथे उपयोगी पडते. एकच गुण भिन्न पद्धतींनी मोजला असता फलिते जुळावीत. भिन्न गुण एकाच पद्धतीने मोजले तरी ती वेगळी राहावीत. या कसोटीवर दोन प्रश्नावल्यांमधील उच्च सहसंबंध फारसा मोलाचा ठरत नाही. ‘चारचौघांत रमतो’ आणि ‘माणसांची आवड आहे’ या विधानांची उत्तरे जुळतात, ती पुष्कळ अंशी विधाने समानार्थी असल्यामुळे. प्रत्यक्ष वर्तनाशी ताडून पाहता हा सहसंबंध क्वचितच ०.३० च्या पुढे जातो, असे मिशेलने १९६८ साली दाखविले. अनेक प्रसंगांची सरासरी घेतल्यास तो वाढतो, हा एपस्टाइनचा १९७९ सालचा खुलासाही तितकाच महत्त्वाचा आहे.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. ‘भिडस्त’ या शब्दात संकोच आणि दुसऱ्याचे मन न मोडण्याची वृत्ती एकवटली आहे. इंग्रजी प्रश्नावलीत मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या घटकांत विभागल्या जातात. ‘स्वाभिमानी’ ही स्तुती, ‘गर्विष्ठ’ ही निंदा. भाषांतरकाराने कोणता शब्द योजला यावर उत्तर पालटते. ‘मला क्वचितच एकटे वाटते’ या विधानाला ‘नाही’ म्हणणाऱ्याचा आशय तर संदिग्धच राहतो.

यास्तव, अनुवादित प्रश्नावलीला मूळ साधनाचे मानदंड लावून उमेदवारांची निवड करणे शास्त्रसंमत नाही. सप्रमाणता हा साधनाचा अंगभूत गुण नसून गुणांकांवरून काढलेल्या अनुमानाचा गुण आहे. तो प्रत्येक भाषेत नव्याने सिद्ध करावा लागतो.