हनुवटी जरा खाली

गालावर उजेडाचा त्रिकोण पडला की रेम्ब्रांट, नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची सावली आली की बटरफ्लाय, अर्धा चेहरा काळोखात गेला की स्प्लिट. पोर्ट्रेटच्या शैली अशा दिव्यांवरून मोजायची छायाचित्रकारांना सवय आहे. क्लासमध्ये शिकवायला ते ठीक. मी मात्र आधी बघतो, त्या चेहऱ्यावर हुकूम कुणाचा चाललाय: बसणाऱ्याचा, काढणाऱ्याचा, की आजूबाजूच्या जागेचा.

फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांच्या दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत हुकूम दिव्यांचा होता. त्यांचे १९५० च्या दशकातले नटनट्यांचे कृष्णधवल फोटो पाहावेत. कडक झोत, ठसठशीत सावल्या, आणि माणसाऐवजी थेट पडद्यावरची प्रतिमाच समोर बसलेली. त्या काळच्या स्टुडिओंत उरलेलं काम रीटचिंगची पेन्सिल करी. टोकदार शिशाने निगेटिव्हवरची सुरकुती भरायची. तिथली निगेटिव्ह दाट झाली की प्रिंटमध्ये ती रेघ उजळून निघे. चेहरा तुळतुळीत करायचा सोस मोबाइलने आणला म्हणणाऱ्यांनी ही पेन्सिल आठवावी. चांगल्या कारागिराला कुठे हात आवरायचा ते कळे, एवढं मात्र खरं.

गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी झोत मवाळ केला. सावल्या विरघळल्या, डोळे पुढे आले. त्यांच्या फोटोंत सगळेच सुंदर दिसतात, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण त्यांचं ‘चेहेरे’ हे पुस्तक चाळताना जाणवतं, की फोटोंइतकंच त्यांनी त्या माणसांबद्दल लिहिलंही आहे. ओळख आधी, कॅमेरा नंतर. पुढे ज्यांनी त्यांची नक्कल केली त्यांनी सॉफ्टबॉक्स उचलला, ओळखीचा भाग सोडून दिला. आजचे बरेचसे प्री-वेडिंग अल्बम त्याच वाटेने आलेत. त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

माझ्या मते कसदार काम झालं ते स्टुडिओबाहेर. संदेश भंडारे यांनी टिपलेले तमाशा कलावंत, सुधारक ओलवे यांचे मुंबईचे सफाई कामगार. अमेरिकेत रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात खाणकामगार, भटके यांच्यामागे पांढरा कागद टांगला आणि जागा पुसून टाकली. तिथे ते चाललं, कारण त्याला एकटा माणूस हवा होता. ओलवेंच्या कामगारामागे तसा कागद लावून बघा. गटार जाईल, कचरा जाईल आणि त्यांच्याबरोबर जातही फ्रेमबाहेर जाईल. मग उरेल फक्त दमलेला चेहरा, आणि बघणारा हळहळून मोकळा होईल. ओलवे ती सोय ठेवत नाहीत.

समीक्षक ज्याची दखल घेत नाहीत असं एक पोर्ट्रेट मात्र आपल्याकडे चौकाचौकात लागतं: वाढदिवसाचा फ्लेक्स. इथे हुकूम पूर्णपणे बसणाऱ्याचा. गॉगल, कानाला फोन, नाहीतर जोडलेले हात. पदाप्रमाणे चेहऱ्याचा आकार. मधल्या दादांची कातडी इतकी घासलेली असते की वय सांगता येत नाही. खाली शुभेच्छुकांची रांग असते. कुणाचा फोटो लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला, कुणाचा आधार कार्डासारखा, कुणाच्या खांद्यावर दुसऱ्याचाच हात राहून गेलेला. त्यांना घासायला डिझायनरला वेळ मिळालेला नसतो. मी फ्लेक्स बघतो तो या खालच्या रांगेसाठी.