बसून राहिलेला माणूस

“तो मधल्या रांगेतला, टोकाचा, आजारी आहे का हो?” हिनं माझ्या कानाशी लागून विचारलं.

आम्ही मुंबईच्या जमशेद भाभा थिएटरात बसलो होतो. समोर एक पाहुणा वाद्यवृंद द्वोर्झाकची १८९३ सालची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी वाजवत होता. सारी मंडळी घाम गाळत होती आणि हे एक गृहस्थ मांडीवर काळं लाकडी वाद्य आडवं टाकून स्वस्थ होते.

“आजारी नाही. त्याची पाळी यायचीय.”

“आणि पगार पुरा घेतो?”

पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबतो. मी गप्प बसलो.

त्या वाद्याचं नाव इंग्लिश हॉर्न. ते इंग्लिशही नाही आणि हॉर्नही नाही. ओबोचा हा थोरला, जरा घोगऱ्या आवाजाचा भाऊ. जिव्हाळी दोन पात्यांची, म्हणजे आपल्या सनईशी लांबचं नातं. काही ठिकाणी दुसरा ओबोवादकच वाद्य बदलून हे काम उरकतो. इथं वेगळा माणूस होता. पहिल्या भागात त्याला एक सूर नाही.

ही सिम्फनी मी कॅसेटवर घासून घासून पाठ केली आहे. पण कॅसेट लबाड असते. तिथं एकटी बासरी वाजली की वादक आपल्याच आरामखुर्चीत येऊन बसल्यासारखा वाटतो. सभागृहात ती बासरी लांबून, एवढ्या माणसांच्या गर्दीतून वाट काढत येते. पहिल्या भागातली तिची खालच्या सुरांतली चीज तर फारच नाजूक. कंडक्टरनं तंतुवाद्यांना जरा आवरायला हवं होतं. नाही आवरलं. बिचारी बासरी दादर स्टेशनवर हाक मारणाऱ्या बाईसारखी झाली.

मग दुसरा भाग. पितळी वाद्यांचे भारदस्त सूर विरले, तंतुवाद्यं कुजबुजायला लागली. आमच्या गृहस्थांनी मघापासून तोंडात धरून ओली केलेली जिव्हाळी वाद्याला लावली. घेतलेला श्वास आम्हाला दिसला. कॅसेटमध्ये हा श्वास नसतो. आता चुकलं तर लपायला जागा नाही, हे त्याला ठाऊक, आम्हालाही ठाऊक.

तो चुकला नाही. मींड नाही, हरकत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ पाऊल. सनईवाल्यानं तिथं नक्की काही कलाकुसर केली असती. यानं काही केलं नाही, आणि माझा घसा दाटला. शेवटी ती सुरावट परत आली, तंतुवाद्यं मध्येच थांबली, त्या शांततेत कुणीतरी खोकलं. खोकणाऱ्याचं नाव कळलं तर बरं होईल.

चौथ्या भागात झांजेचा हळूच एक ठोका पडला. अख्ख्या सिम्फनीत एवढा एकच! पाठोपाठ क्लॅरिनेट इतकं गोड वाजलं, की बासरीचं दुःख मी विसरलो. झांजवाल्याच्या पगाराची चौकशी येणार म्हणून मी हिच्याकडे पाहिलं. पण ही अजून त्या टोकाच्या माणसाकडेच बघत होती. तो पुन्हा मांडीवर वाद्य टाकून बसला होता.

शेवटी कंडक्टरनं सगळ्यांत आधी त्यालाच उभं केलं. हिनं बांगड्या वाजेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

“पगार पुरा देत असतील ना हो?” बाहेर पडताना ती म्हणाली. “वर भत्ताही द्यायला हवा.”