अपुऱ्या रंगाचा पाठ : लघुशिल्पे, जुनी अद्भुतचित्रे आणि पूर्णतेचा आग्रह

१

अपूर्ण कलाकृतीविषयीचा विचार पाश्चात्त्य परंपरेत जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागात एक निरीक्षण नोंदवले आहे : मृत्यूमुळे अर्धवट राहिलेली काही चित्रे त्याच चित्रकारांच्या पूर्ण चित्रांहून अधिक वाखाणली जातात, कारण त्यांत उरलेल्या रेषांमधून चित्रकाराचा विचार प्रत्यक्ष दिसतो आणि काम करता करता थांबलेल्या हाताविषयीची हळहळ आस्वादात मिसळते. या निरीक्षणात दोन गोष्टी गृहीत आहेत. काम सोडून गेलेला कर्ता परत येणार नाही, ही एक. आणि पाहणाऱ्याने त्या कामाला हात लावायचा नाही, ही दुसरी. विसाव्या शतकात रोमान इनगार्डेनने (१९३१) साहित्यकृतीतील ‘अनिर्धारित स्थळां’ची आणि पुढे वोल्फगांग इझरने ‘रिकाम्या जागां’ची संकल्पना मांडली, तेव्हा अपूर्णता हा अपघात न राहता कृतीच्या संरचनेचा भाग ठरली. तरीही आस्वादकाचा हात बाहेरच राहिला. वाचक रिकाम्या जागा मनात भरतो. छापील पान जसेच्या तसे राहते.

ज्या कृतीत आस्वादकच अर्धा कर्ता असतो, आणि काम सोडणारा व त्याकडे परतणारा ही एकाच व्यक्तीची वीस-तीस वर्षांच्या अंतराने पडलेली दोन रूपे असतात, ती कृती वरील मांडण्यांत बसत नाही. टेबलावरच्या युद्धखेळांसाठी ओतलेली आणि रंगवायची राहून गेलेली लघुशिल्पे हे अशा कृतीचे ठळक उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात कुमारवयात असलेल्या पिढीतील अनेक जण गेल्या दीड दशकात आपल्या जुन्या खोक्यांकडे परतले आहेत. त्या खोक्यांत २५ ते २८ मिलिमीटर मापाचे योद्धे, ऑर्क, बुटके आणि दैत्य असतात. काही नुसत्या धातूचे, काहींवर केवळ अस्तराचा काळा वा पांढरा थर, काहींचा चेहरा आणि ढाल एवढेच रंगवलेले. सोबत त्या काळची नियमपुस्तके आणि त्यांतली चित्रे असतात. या परतण्याला ‘स्मरणरंजन’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु त्यात पूर्णतेच्या स्वरूपाविषयीचा, आणि म्हणून अर्थाच्या मालकीविषयीचा, एक खरा प्रश्न दडलेला आहे.

२

युद्धखेळातील सोंगटी आरंभापासून अपूर्ण नव्हती. प्रशियन अधिकारी धाकटा राइसविट्झ याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘क्रीगस्पील’मध्ये सैन्यतुकड्यांसाठी साधे ठोकळे वापरले जात. ठोकळ्याला चेहरा नसतो; तो निव्वळ संकेत असतो आणि संकेत म्हणून पूर्ण असतो. एच. जी. वेल्सच्या ‘लिटल वॉर्स’मधले (१९१३) सैनिक दुकानातून रंगवूनच येत, विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतीव सैनिक बाजारात आणले होते. ते मांडणे आणि खेळण्यातल्या तोफेने पाडणे एवढेच वेल्सच्या खेळाडूचे काम होते.

तिसरा टप्पा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हौशी खेळाडूंपासून सुरू होतो आणि १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिटाडेल मिनिएचर्स’च्या काळात त्याला व्यापारी बळ मिळते. ब्रायन ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी रचलेला ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामागे या धातूच्या शिल्पांना अधिक ग्राहक मिळावा हा हेतू होता. शिल्पे मात्र उघड्या धातूचीच विकली जात. घासणे, जोडणे, अस्तर देणे, मूळ रंग भरणे, पातळ रंग खाचांत सोडणे आणि उंचवटे उजळणे हे सारे घेणाऱ्याकडे सोपवलेले होते. म्हणजे येथे अपूर्णता ही वस्तूची विक्रीयोग्य अवस्थाच होती.

क्लोद लेव्ही-स्त्रोस याने १९६२ मध्ये ‘ला पाँसे सोव्हाज’ या ग्रंथात लघुरूपाची मीमांसा करताना असे सुचवले की, आकार लहान झाला की समग्राचे ज्ञान अवयवांच्या ज्ञानाआधी होते आणि त्यातून बौद्धिक समाधान मिळते. एका शिल्पाबाबत हे खरे आहे. परंतु युद्धखेळाला एक शिल्प पुरत नाही, सैन्य लागते. आणि सैन्याबाबत हा क्रम उलटतो. येथे अवयव आधी हातात येतो आणि समग्र सतत पुढे सरकत राहते. १९८७ मध्ये निघालेल्या ‘स्पेस मरीन’ सैनिकांच्या प्लास्टिकच्या एका खोक्यातच तीस सैनिक होते. सेनापती हौसेने रंगवला जातो, पहिली ओळ नेटाने, आणि मागच्या ओळी खोक्यात राहतात. शिल्पे अर्धवट राहण्याचे कारण रंगवणाऱ्याच्या आळसात शोधण्याऐवजी खेळाच्या या गणितात शोधणे अधिक न्याय्य होईल. तरीही या छंदातील मंडळी न रंगवलेल्या शिल्पांच्या साठ्याला ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. अपूर्णतेला ऋणाची आणि अपराधाची ही परिभाषा कोठून चिकटली, याचे उत्तर चित्रांच्या इतिहासात आहे.

३

१९८० च्या दशकातील नियमपुस्तकांची आतली पाने बहुतांशी कृष्णधवल होती. जॉन ब्लँश आणि इयान मिलर या दोन चित्रकारांनी त्या पानांना त्यांचे विशिष्ट वातावरण दिले. ‘वॉरहॅमर’च्या पहिल्या आवृत्तीच्या खोक्यावरील चित्र ब्लँशचे होते, स्टीव्ह जॅक्सनच्या ‘सॉर्सरी!’ या गेमबुक-मालेचीही (१९८३-८५) चित्रे त्याने काढली. मिलरने राल्फ बाक्शीच्या ‘विझर्ड्‌स’ (१९७७) या चित्रपटासाठी पार्श्वभूमी-चित्रे केली होती. १९८८ आणि १९९० मध्ये दोन खंडांत निघालेल्या ‘रेल्म ऑफ केऑस’मध्ये त्याची दाट शाईरेषा दिसते.

दोघांची शैली भिन्न असली तरी एक धर्म समान आहे. मिलरच्या चित्रात किल्ला, वठलेले झाड आणि यंत्र यांना एकाच रेषेचा रोग झालेला असतो. कोणती वस्तू कोठे संपते हे सांगता येत नाही. ब्लँशच्या रंगचित्रांत गंजाचे तांबूस, मातकट पिवळे आणि सुकलेल्या रक्ताचे रंग एकमेकांत झिरपतात. आकृती पार्श्वभूमीतून पुरती सुटत नाही. अशा चित्रावरून योद्ध्याचा झगा कोणत्या रंगाने रंगवावा हे कळत नाही. त्याच्या जगाची हवा कशी आहे, एवढेच कळते. इझरच्या परिभाषेत, चित्र आणि शिल्प यांच्यामधली ही मोठी रिकामी जागा होती. फरक इतकाच की ती मनात भरून भागत नसे, कुंचल्याने भरावी लागे.

पुढे ही जागा आकुंचन पावत गेली. ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकात कंपनीच्या स्टुडिओतील कुशल रंगकारांनी रंगवलेल्या शिल्पांची छायाचित्रे येत. १९९० च्या दशकात ती पानोपानी झाली. लाल, पिवळे, हिरवे रंग स्वच्छ. प्रत्येक कडेवर उजळ रेघ. प्रत्येक पट्टा, प्रत्येक बक्कल निराळे. आदर्श आता वातावरणात राहिला नाही, तो नमुन्यात आला. नमुना आला की न्यूनता मोजता येते. ‘लाजेचा ढीग’ ही भाषा या मोजणीशिवाय संभवत नाही.

या बदलाला केवळ रुचिबदल म्हणता येणार नाही. प्रीस्टलीच्या ‘वॉरहॅमर ४०,००० : रोग ट्रेडर’ (१९८७) या खेळातील मानवी साम्राज्याच्या केंद्रस्थानी यंत्राने तगवून ठेवलेला, प्रेतवत् सम्राट आहे आणि त्याच्या तगण्यासाठी माणसांचे बळी रोज दिले जातात. थॅचरकालीन ब्रिटनमध्ये, ‘२००० एडी’सारख्या उपहासप्रधान चित्रकथा-साप्ताहिकाच्या शेजारात लिहिली गेलेली ही संहिता उघडच वक्रोक्तिपूर्ण आहे. ब्लँशच्या चित्रातील कुजकेपणा हा त्या वक्रोक्तीचा दृश्य पर्याय होता. कडा उजळल्या, चिलखत लखलखले आणि सैनिक वीरनायक झाला, तेव्हा शब्द तेच राहूनही वक्रोक्तीचा आधार निसटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये या साम्राज्याचे चित्रण उपहासात्मक आहे, असे कंपनीने जाहीर निवेदनाद्वारे स्पष्ट केले. वक्रोक्ती आहे असे निवेदनाने सांगावे लागणे, ही ती चित्रभाषेतून पुसट झाल्याची कबुलीच मानावी लागेल. पृष्ठभागाच्या निर्दोष पूर्णतेला असा विचारप्रणालीचा अर्थ असतो.

४

या पार्श्वभूमीवर परतणाऱ्यापुढील व्यावहारिक प्रश्न सैद्धान्तिक होतो. अर्धवट रंगवलेल्या जुन्या शिल्पाचे काय करावे? एक मार्ग धुऊन काढण्याचा : धातूचे शिल्प ॲसिटोनमध्ये ठेवले की जुना रंग सुटतो आणि शिल्प नव्यासारखे होते. (प्लास्टिक त्यात विरघळते, म्हणून त्याला सौम्य द्रावण लागते.) दुसरा मार्ग जुन्या थरावरच पुढे काम करण्याचा.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या अभ्यासकाला ही द्विधा ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वगळलेले पाठ नष्ट केलेले नाहीत. ते पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत जपले आहेत. संपादकाचा निर्णय त्यामुळे तपासता येतो. धुतलेल्या शिल्पाला असे तळपान नसते. तेथे पूर्वीचा पाठ कायमचा जातो, आणि तो जाण्याचा पुरावाही जातो.

पण चौदा वर्षांच्या मुलाने जाड कुंचल्याने फासलेला रंग हा ‘पाठ’ मानावा काय? चार्ल्स पर्सच्या वर्गीकरणात तो निर्देशक चिन्ह ठरतो : पायाचा ठसा जसा पायाशी प्रत्यक्ष संबंधाने जोडलेला असतो, तसा हा थर त्या हाताशी. डोळ्याच्या खोबणीत साचलेला रंग, ओलांडलेली कड, मध्येच बदललेला निळा यांतून त्या वयाची घाई, हाताशी असलेल्या रंगांच्या मोजक्या बाटल्या आणि मासिकातील नमुना गाठण्याची धडपड वाचता येते. बार्थने कर्त्याच्या मृत्यूची घोषणा केली. येथे कर्ता मेलेला नाही, पण तो आता उपलब्धही नाही. पन्नाशीतल्या माणसाचा हात अधिक सराईत असतो आणि दृष्टी अधू. त्याला आपल्याच पूर्वरूपाचा परका म्हणून आदर करावा लागतो.

स्वेतलाना बॉयम यांनी ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ (२००१) या ग्रंथात स्मरणरंजनाचे पुनःस्थापक आणि चिंतनशील असे दोन प्रकार मानले आहेत. पहिल्याला हरवलेले घर जसेच्या तसे उभारायचे असते. दुसरा अंतराचे भान आणि भग्नावशेष सोडत नाही. शिल्प धुऊन त्यावर १९८७ च्या स्टुडिओ-नमुन्याची हुबेहूब नक्कल करणे पहिल्या प्रकारात बसते. त्या नकलेत जो भूतकाळ परत येतो तो कंपनीचा. रंगवणाऱ्याचा स्वतःचा भूतकाळ द्रावणात गेलेला असतो.

कंपनीचा भूतकाळ किती अस्थिर असतो याचे उदाहरण ताजे आहे. ‘वॉरहॅमर’चे मूळ अद्भुतविश्व कंपनीने २०१४-१५ मधील ‘एंड टाइम्स’ या ग्रंथमालेत नष्ट करून टाकले आणि २०१५ मध्ये त्या जागी नवा खेळ आणला. मग जानेवारी २०२४ मध्ये तेच जुने विश्व ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने पुन्हा बाजारात आणले. मधल्या काळात खोक्यांतली अर्धवट शिल्पे एका अधिकृतपणे संपलेल्या जगाचे अवशेष होती. ती कोणाच्या परवानगीने ‘अस्तित्वात’ होती, या प्रश्नाचे एकच सरळ उत्तर आहे : ज्याने त्यांवर रंगाचा पहिला थर दिला त्याच्या.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कारखान्यात ओतलेल्या, जाहिरातीने खपवलेल्या वस्तूला पाठचिकित्सेची प्रतिष्ठा देणे म्हणजे बाजाराला तत्त्वज्ञान पुरवणे होय. आक्षेपात तथ्य आहे. परतणाऱ्यांच्या हाती आता पैसा आहे, हे उत्पादकांना कळते. जुन्या साच्यांतून पुन्हा ओतलेली शिल्पे विकली जातात आणि स्मरणरंजन हाच विक्रीचा माल होतो. परंतु नेमक्या याच कारणाने अर्धवट शिल्पाचा विचार महत्त्वाचा ठरतो. नवे शिल्प विकता येते, पूर्ण रंगवलेले विकता येते. कोणा एकाच्या हाताखाली थांबलेले काम मात्र त्या एकालाच पुढे नेता येते. बाजाराला त्याची प्रत काढता येत नाही.

यावरून मूल्यमापनाचा एक निकष सुचवता येतो. पुढे नेलेले काम स्टुडिओच्या नमुन्याला किती जवळ गेले, यावर त्याचे यश मोजू नये. पूर्वीचा हात त्यात किती वाचता येतो आणि नव्या हाताने त्याला कोणता प्रतिसाद दिला, यावर मोजावे. जाड थर पातळ रंगाने मुरवून घेणे, जुनी ढाल तशीच ठेवून चिलखत मात्र गंजवणे, ओलांडलेली कड जखमेत परिवर्तित करणे ही या प्रतिसादाची रूपे होत. ब्लँशचे जुने चित्र येथे पुन्हा उपयोगी पडते, कारण त्या चित्रात डाग हा दोष ठरत नाही.

उम्बेर्तो एकोने १९६२ मध्ये ‘खुल्या कृती’ची संकल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर अनेक वाचकांना अनेक वाटांनी खुली असणारी कृती होती. अर्धवट लघुशिल्प दाखवते की कृती एकाच वाचकालाही कालांतराने पुन्हा खुली होते, आणि तो दोन्ही वेळा एकच वाचक नसतो. वाचकलक्ष्यी समीक्षेने वाचकाच्या सामाजिक स्थानाचा बराच विचार केला आहे. त्याच्या वयाचा, त्याने अर्ध्यावर मिटलेल्या पुस्तकाचा आणि त्या पुस्तकाकडे परतताना समासात आढळणाऱ्या त्याच्याच जुन्या खुणांचा विचार तिने अद्याप पुरेसा केलेला नाही.