मोती आणि वाळूचा कण

स्वाती नक्षत्रातल्या थेंबाची कथा आपण वर्गात हसून सोडून देतो. ‘वाळूचा कण शिरला की मोती होतो’ हे मात्र विज्ञान म्हणून सांगतो. आम्हाला तेही पटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) मराठवाडा विद्यापीठात ज्यांच्यावर संशोधन झाले, ते पैठणच्या गोदावरीतील लॅमेलिडेन्स शिंपले वाळू-गाळातच रुतून जगतात. मग ते सारे मोत्यांनी भरायला हवेत! कवचाला चकाकी देतो तो प्रावार, म्हणजे कवचालगतचा मऊ पडदा. त्याच्या पेशी आत शिरून त्यांची पिशवी झाली, तरच मोती घडतो. १९७३ साली तुतिकोरिनला के. अलगरस्वामींनी मोत्याच्या कालवात मण्याबरोबर प्रावाराचा तुकडाही रोवला, तो याचसाठी. नदीकाठचा रिकामा शिंपला उन्हात तिरपा धरून पाहा. आतला थर आणि मोती एकाच द्रव्याचे, अ‍ॅरागोनाइटच्या पापुद्र्यांचे. हे फुकटचे साधन सोडून फळ्यावर वाळूचा कण कशाला काढायचा?