हेरांच्या घरची मुले

हेरकथेचा शेवट कसा व्हावा याविषयी वाचक-प्रेक्षकांचा लेखकाशी एक जुना, अलिखित करार असतो. हेर पकडला जावा, मारला जावा, नाहीतर सर्वांच्या हातावर तुरी देऊन निसटावा. हा करार मोडला की माणसे चिडतात. १९६८ साली इंग्लंडात 'द प्रिझनर' या मालिकेच्या शेवटच्या भागाने तो मोडला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी तक्रारींचा भडिमार केला होता. अगदी तेवढे नव्हे, पण त्याच जातीचे भांडण आमच्या दिवाणखान्यात तीन दिवस चालले. निमित्त होते 'द अमेरिकन्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या अखेरच्या भागाचे.

मालिका संपली ३० मे २०१८ रोजी. आम्ही ती पाहिली बरीच उशिरा, रोज रात्री जेवणे आटोपल्यावर एकेक भाग अशी, शिस्तीने. शेवटचा भाग संपला आणि पुतण्या उसळून म्हणाला, "काका, पंच्याहत्तर भाग पाहिले आपण! आणि शेवटी एक गोळीसुद्धा नाही?"

सौ. पदर डोळ्यांना लावून बसली होती. ती म्हणाली, "गोळी नाही म्हणतोस? मग त्या फलाटावर उभ्या राहिलेल्या पोरीला काय लागलं?"

या दोघांच्या मध्ये बसून मला जे वाटले ते लिहितो आहे. शेवट सांगितल्याखेरीज शेवटाची चर्चा करता येत नाही. तेव्हा ज्यांना ही मालिका अजून पाहायची असेल त्यांनी हे पान उलटून खुशाल चिवड्याकडे वळावे.

फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज हे वॉशिंग्टनजवळच्या एका उपनगरात राहणारे चारचौघांसारखे जोडपे. प्रवासकंपनी चालवतात, शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात. वस्तुतः दोघेही रशियन, केजीबीने तरुणपणीच पेरून ठेवलेले. त्यांचे लग्न हा हुकूम, नावे खोटी, खरी फक्त दोन मुले: पेज आणि हेन्री. समोरच राहायला येतो स्टॅन बीमन. तो एफबीआयचा अधिकारी आणि पुढे फिलिपचा जिवलग मित्र. कथा १९८१ साली सुरू होते आणि १९८७ च्या डिसेंबरात, रेगन-गोर्बाचेव्ह भेटीच्या धामधुमीत संपते. मालिकेचा जनक जो वाइसबर्ग हा स्वतः सीआयएत नोकरी केलेला माणूस. पण त्याला गुप्त शाईपेक्षा स्वयंपाकघरात जास्त रस आहे, हे पहिल्या काही भागांतच ध्यानात येते.

शेवटच्या भागातला पहिला मोठा प्रसंग मोटारी ठेवण्याच्या तळघरात घडतो. नवरा, बायको आणि थोरली मुलगी पळून जायला निघालेली आहेत आणि स्टॅन पिस्तूल रोखून समोर उभा आहे. दहाएक मिनिटे नुसते बोलणे. आणि मग तो त्यांना जाऊ देतो!

जगभरच्या प्रेक्षकांत सर्वांत मोठा वाद झाला तो येथेच. असा अधिकारी असतो का? कायद्याने विचाराल तर नसतो, नसावा. पण स्टॅन म्हणजे नुसता गणवेश नव्हे. पहिल्याच वर्षी त्याने सूडापोटी एका कोवळ्या रशियन पोराला थंडपणे गोळी घातली आहे. ज्या नीनावर त्याचा जीव जडला, ती त्याच्याच खेळात सापडून मॉस्कोच्या तुरुंगात संपली. आपला धंदा माणसांचे काय करतो हे त्याला पुरते कळून चुकले आहे. आणि फिलिप त्याच्याशी कसा बोलतो पाहा. मैत्री खरी होती, हे तो सांगतो ते खरे. माणसे आम्ही मारली नाहीत, हे सांगतो ते धडधडीत खोटे, आणि तेही मुलीच्या देखत. खरे कुठे संपले आणि खोटे कुठे सुरू झाले हे त्याचे त्यालाही ठाऊक नसावे. ही सरमिसळ मला फार खरी वाटली. स्टॅन फसला असे मी म्हणणार नाही. दमला, असे म्हणेन.

याच प्रसंगात जाता जाता फिलिप त्याला सांगतो की तुझी बायको रेनी हीही कदाचित आमच्यातलीच असेल, मला खात्री नाही. ती होती की नव्हती यावर प्रेक्षकांनी पुष्कळ डोके लढवले. मालिकेने शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. पुतण्याला ही चाल फारच आवडली. मला ती कोड्याच्या हौसेपायी घातलेली वाटते. मित्राला वाचवायचे म्हणून त्याच्या घरात सुरुंग पेरून जायचे, आणि स्फोट झाला की नाही ते दाखवायचे नाही, यात लेखकांनी थोडी लबाडी केली आहे.

पण खरी शिक्षा पुढे आहे. धाकटा हेन्री दूरच्या शाळेत वसतिगृहात असतो. त्याला कशाचाच पत्ता नाही. त्याचे आयुष्य इथेच चांगले जाईल म्हणून आईबाप त्याला मागे ठेवायचे ठरवतात. निघण्यापूर्वी वाटेवरून ते त्याला फोन करतात. काय बोलणार? सांगता तर येत नाही. आम्हाला तुझा अभिमान वाटतो, आमचे तुझ्यावर प्रेम आहे, अशी चार वाक्ये. हे आपले शेवटचे बोलणे आहे हे त्या पोराला कळत नाही. बहीण तर फोन हातातही घेत नाही.

मालिका चालू होती तेव्हा प्रेक्षक हेन्रीवरून थट्टा करीत. हा मुलगा असतो कुठे? याला जेवण तरी कोण घालते? थट्टा रास्त होती. लेखकांनी त्याला वर्षानुवर्षे माडीवरच्या खोलीत ठेवून दिले होते. हे त्यांनी ठरवून केले की अनवधानाने झाले, याच्याशी मला कर्तव्य नाही. पण त्या फोनच्या वेळी माझ्या लक्षात आले की आईबापांप्रमाणे मीही या मुलाकडे पाहिलेच नव्हते. बाकीच्या लोकांची सोंगे आणि टोप बघण्यात मीही गुंतलो होतो. एखादी कलाकृती प्रेक्षकाला असे गुन्ह्यात ओढते तेव्हा तिला दाद द्यावीच लागते.

आमचा धाकटा परदेशी असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि बोलणे पाऊसपाण्यापलीकडे जात नाही. त्या रात्री सौ.ने रविवारची वाट न पाहता त्याला फोन लावला. मी मुद्दाम कान देऊन ऐकले. भाजी कोणती केली होती, ते सांगत होती.

मग आगगाडी. तिघेही वेषांतर करून, वेगवेगळ्या आसनांवर बसून, कॅनडाच्या हद्दीकडे निघालेली. पोलीस येतात, चित्रांशी चेहरे ताडून पाहतात आणि उतरून जातात. आता सुटलो, असे आपण म्हणतो तोच गाडी हलते आणि खिडकीतून एलिझाबेथला दिसते की पेज फलाटावर उभी आहे. एक अक्षर नाही. वरून गाणे वाजत असते तेवढेच. केरी रसेल या अभिनेत्रीचा त्या क्षणीचा चेहरा मी तीनदा पाहिला. त्या वर्षीच्या एमी पारितोषिकांत मॅथ्यू ऱ्हीसला अभिनयाचे आणि या भागाला लेखनाचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. तिला मात्र मिळाले नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पेज का उतरली? कोणी म्हणाले भावासाठी, कोणी म्हणाले भीतीने. मला वाटते, आईने तिला लपायला, गप्प राहायला आणि मागे वळून न पाहायला शिकवले होते. ती विद्या तिने प्रथमच स्वतःसाठी वापरली, आणि वापरली ती आईवरच. परंतु पुढे? एका रिकाम्या घरात बसून ती व्होडकाचा पेला तोंडाला लावते आणि मालिका तिला तिथेच सोडते. आईबापांना मॉस्कोपर्यंतचा सारा प्रवास आणि मुलीला एक पेला, ही वाटणी मला पटलेली नाही.

या मालिकेच्या मागे खरी घटना आहे. जून २०१० मध्ये अमेरिकेत असे दहा रशियन हेर पकडले गेले आणि पंधरवड्याच्या आत व्हिएन्नात त्यांची अदलाबदल झाली. त्यांतल्या एका जोडप्याची दोन्ही मुले कॅनडात जन्मलेली. त्या मुलांच्या वाट्याला नेमके उलटे आले. ज्या मॉस्कोची भाषा त्यांना येत नव्हती तिथे त्यांना जावे लागले, पुढे कॅनडाने नागरिकत्वही काढून घेतले. धाकट्याने दावा लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जन्मभूमी परत मिळवायला त्याला कित्येक वर्षे कोर्टात झगडावे लागले. पेज फलाटावर उतरली ती काय वाचवायला, हे मला त्या निकालाची हकिकत वाचताना अधिक कळले.

शेवटी जेनिंग्ज पतिपत्नी रात्री मॉस्कोच्या दिव्यांसमोर उभी आहेत. वीसेक वर्षांनी परतलेली. मुले काय करत असतील, यावर दोघे थोडे बोलतात. होईल सवय, अशा अर्थाचे काहीतरी एलिझाबेथ म्हणते, आणि तेही रशियनमध्ये. ज्या देशासाठी तिने हे सगळे केले त्याची आता चारच वर्षे उरली आहेत. ते आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही.

पुतण्याचे समाधान झालेले नाहीच. पण परवा पाहतो तो त्याने मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावलेली. "का रे? गोळी शोधतोयस काय?" मी विचारले.

"नाही काका," तो म्हणाला, "या वेळी हेन्री कुठेकुठे असतो तेवढंच बघतोय."